चेता ऊती: सातव्या स्मिअरला पेशी सापडली

प्राण्यांच्या चारही ऊतींच्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड घरी करून पेटी भरायची आहे. अभिस्तर, संयोजी आणि स्नायू या तिन्ही ऊतींच्या स्लाइड पेटीत बसल्या. अडलं होतं चेता ऊतीपाशी. माणसाच्या गालाच्या पेशी घरच्या घरी मिळतात, चेतापेशीसाठी मात्र बोकडाचा मेरुरज्जूच (पाठीच्या कण्यातला चेतांचा दोर) लागतो. त्याचे सहा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेले पातळ थर, वाया गेले. निळा चिखल आणि त्यात बारीक गडद ठिपके, म्हणजे आधारपेशींची केंद्रकं. सातव्यावर खरी चेतापेशी दिसली!

चूक रंगात नव्हती, जागेत होती. रज्जूचा बाहेरचा पांढरा भाग म्हणजे मेदाच्या वेष्टनातले अक्षतंतू, चेतापेशींच्या लांब शेपट्या. मोठ्या पेशीकाया (केंद्रक असलेला पेशीचा मुख्य भाग) असतात आतल्या करड्या, फुलपाखरासारख्या भागात, तेही पोटाकडच्या रुंद शिंगांत. सुऱ्याखाली चेपलेल्या रज्जूत दोन्ही भाग कालवले जातात. म्हणून खाटकाकडून कमरेचा मणका अखंडच मागून घ्यावा. मागच्या पायांच्या चेता तिथून निघतात, त्यामुळे मोठ्या पेशीही तिथे जास्त.

रज्जू तासभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझर नको, बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात. नव्या ब्लेडने आडवा काप घ्या. खोल खाच दिसते ती पोटाची बाजू. तिच्या दोन्ही अंगांचा करडा भाग सुईने मोहरीएवढा उचलायचा, दोन स्लाइडमध्ये दाबायचा आणि एकाच ओढीत पसरायचा. मागेपुढे घासलं की शाखा तुटतात. वाळल्यावर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ५ मिनिटं, मग १ टक्का मेथिलीन ब्लू ५ मिनिटं. धुताना पाण्याची धार स्मिअरवर नको, कडेवरून सोडा.

आधी ४एक्सच्या वस्तुभिंगावर शोध, मग १०एक्सवर खात्री. मधोमध फिकट गोल केंद्रक, त्यात एकच गडद टिंब, कोपऱ्यांतून निघालेल्या शाखा. काय देखणी दिसते! शेजारचे ठिपके तिच्यापुढे कण वाटतात.

स्नायूबद्दल एवढंच: उकडलेल्या कोंबडीच्या छातीचा एक धागा सुयांनी विंचरला आणि आयरिस (मंचाखालची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) जवळपास मिटला, तर आडवे पट्टे रंगाशिवाय दिसतात. कव्हरस्लिप काचेच्या, ०.१७ मिमीच्याच घ्या. जाड असल्या की ४०एक्सवर चित्र धुरकटतं.

पुढचा नंबर भेज्याचा होता, पण तो थांबवू; आधी एक तुलना करू. बोकडाच्या छातीकडच्या रज्जूत हीच शिंगं बारीक असतात. एकाच स्लाइडवर डावीकडे कमरेचा स्मिअर, उजवीकडे छातीचा, आणि १०एक्सच्या दहा-दहा क्षेत्रांत मोठ्या पेशी मोजायच्या. उचललेले तुकडे सारखेच हवेत, नाहीतर मोजणी फसेल.