काच तर फुकटचीच ना?

मे महिन्यात आमच्या पडवीतल्या टेबलापाशी रोज एक तरी पाहुणा हे विचारतोच. समुद्रात घासून गुळगुळीत झालेल्या काचेचं पेंडंट हातात घ्यायचं, उजेडाकडे धरून बघायचं, किंमत ऐकायची आणि हसून म्हणायचं, "ताई, काच तर समुद्रावर फुकट मिळते. मग साडेचारशे कसले?" तेव्हा आत पानं मांडलेली असतात, सोलकढी वाढायची असते, म्हणून मी "मजुरी" एवढंच बोलून सुटते. आता पाऊस आहे, खोल्या रिकाम्या आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

काच फुकट, हे कबूल. पण समुद्रावर मिळते हे अर्धंच खरं. दापोलीजवळच्या मुरूड-कर्द्याच्या लांबलचक पुळणीवर दिवसभर फिरलात तर शिंपले मिळतील, एका पायाची चप्पल मिळेल, काच क्वचितच. काच गोट्यांत अडकते, आणि मुळात जवळपास कुणीतरी पूर्वी बाटल्या टाकलेल्या असाव्या लागतात. म्हणून मी हर्णै बंदराच्या बाजूला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात, जाते. तेही मनात आलं की निघाले, असं नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा जुना हिशेब. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे सुकती, ओहोटी, बाराला; पण ते भांगाचं, कमी चढउताराचं पाणी, फार मागे सरतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खडप चांगलं उघडं पडतं, पण ते पहाटे पाच-सहाला नाहीतर संध्याकाळी. पाहुण्यांचा पहिला चहा नेमका तेव्हाच असतो. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, खालचे गोटे वर येतात. म्हणून पाऊस ओसरताना सगळ्यात चांगली काच मिळते. पुढे वाळू परत येऊन सगळं झाकून टाकते.

दोन तास वाकून मूठभर मिळते. त्यातली निम्मी मी परत पाण्यात टाकते. जिची कड अजून बोचते, जी ओली नसतानाही चमकते, ती कच्ची. घासून कडा गोल होतात हे सगळ्यांना कळतं, पण वरची ती दुधाळ साय नुसत्या घासण्याने येत नाही. पाणी काचेतला सोडा आणि चुना हळूहळू काढून घेतं आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. याला कित्येक दशकं लागतात. भिंगातून पाहिलं तर चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतात, त्याही कुठे दाट, कुठे विरळ.

पांढरी, हिरवी, तपकिरी भरपूर. निळी वर्षाकाठी तीन-चार तुकडे, बहुतेक जुन्या औषधाच्या बाटल्यांची. लाल मला आजवर एकदाच मिळाली आणि ती विकायची नाही. गोटी सोड्याची एक गोटीही आहे. कॉड नावाच्या इंग्रजाने त्या बाटलीचं पेटंट १८७२च्या सुमारास घेतलं. आत गोटी, आणि ती काढायची तर बाटली फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. मुलांनी किती फोडल्या असतील! ही एक मात्र कुणाच्या तरी हातून निसटून समुद्रात गेली.

भोक पाडताना खरी परीक्षा. परातीत दोन बोटं पाणी, पाण्यात लाकडाची फळी, तिच्यावर काच. छोट्या ड्रिलला डायमंड बिट लावते. मोटर लांब ठेवते, पाण्यात फक्त लवचिक नळीचं टोक जातं. पाणी काचेला गार ठेवतं आणि धूळ उडू देत नाही. ती धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नव्हे. अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मग उलटून दुसऱ्या बाजूने. सरळ आरपार गेलात तर मागच्या बाजूने कपचा उडतोच. घाई केलीत तर 'टक्' असा आवाज येतो, आणि तीस-चाळीस वर्षं समुद्रात टिकलेली काच माझ्या परातीत दोन तुकडे होऊन पडते. त्या आवाजाने अजूनही पोटात गोळा येतो.

सुरुवातीला मी भोकच पाडत नव्हते, झटपट चिकटणारा गोंद लावायचे. आमच्याच नात्यातल्या एका लग्नात माझ्या हारातला तुकडा घामाने सुटून नवऱ्या मुलीच्या काकूंच्या वरणभातात पडला. तेव्हापासून मुलामा दिलेली तांब्याची तार: अंगाला जाड, २० गेजची, गुंडाळायला बारीक, २६ची.

"मग घरीच का नाही घासत?" हाही प्रश्न येतो. घासते की! दगड गुळगुळीत करायचं फिरतं पिंप आहे माझ्याकडे. बाटलीचे तुकडे, वाळू, पाणी, आणि आठ-दहा दिवस घरघर. सासूबाई त्याला गिरण म्हणतात. काच छान गोल होते, पण सगळीकडे एकसारखी मऊ, चंद्रकोरी नाहीत. ती वेगळ्या ताटात ठेवते, वर चिठ्ठी लावून. तार तीच, मजुरी तीच, किंमत तीनशे. शंभरातल्या नव्वदांना फरक कळत नाही आणि ते तीनशेचंच नेतात. माझी काही तक्रार नाही.

म्हणजे तुमच्या प्रश्नातले वादाचे रुपये दीडशेच. तेही वाचवायचे असतील तर पुढच्या अमावास्येला पहाटे साडेचारला पडवीत या. काच तुम्ही शोधा, तीनशेत पेंडंट करून देईन. बॅटरी आणा, आणि पट्ट्याच्या चपला घाला, खडपावर शेवाळ फार आहे.