पोरांसोबत सुतळीचे कोस्टर
मुंबईच्या दमट हवेत थंड सरबताच्या ग्लासला लगेच पाणी सुटतं आणि टेबलावर गोल डाग पडतात, म्हणून मला सुतळीचे कोस्टर सगळ्यात आवडतात, सुतळी ते पाणी शोषून घेते ना. पुठ्ठ्याचा १० सेंमीचा गोल कापायचा (कात्री मोठ्यांनीच धरा), फेविकॉल लावून मधोमधून सुतळी गोल गोल फिरवत कडेपर्यंत न्यायची, बस झालं. पावसाळ्यात मात्र रात्रभर वजनाखाली वाळू द्या. जरा मोठी मुलं असतील तर लाकडी गोलांना गेरूसारखा रंग द्या आणि वर पांढऱ्याने वारली काढू द्या, गोल, त्रिकोण, चौकोन एवढंच तर लागतं, आणि ही कला आपल्या शेजारच्या पालघरच्या आदिवासी पाड्यांची, हे त्यांना जरूर सांगा! वरून वॉर्निशचा एक हात हवाच.