रस्ता आधी का पाईप आधी, हे नक्की कुठं ठरतं

महापालिकेच्या बजेटची बातमी पेपरात येते फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि आपण सगळे तेव्हा जागे होतो. पण तुमच्या गल्लीत गटार होणार का नाही हे त्या दिवशी ठरत नाही, त्याच्या चार-पाच महिने आधीच ते यादीत गेलेलं असतं नाहीतर राहून गेलेलं असतं. मी बरीच वर्षं आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं बजेटचं पुस्तक नेमानं वाचते, ठराव वाचते, टेंडरच्या नोटिसा वाचते, आणि हे सगळं लोकांना माहिती पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

कायदा आहे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९. त्यात क्रम असा आहे, की आयुक्त जमाखर्चाचा अंदाज तयार करून स्थायी समितीला देतात, स्थायी त्यात बदल करून महासभेपुढं, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढं, ठेवते आणि महासभेनं ३१ मार्चच्या आत तो मंजूर करायचा. घरपट्टी-पाणीपट्टीचे दर मात्र त्याच्याही आधी, २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे. स्थायीत १६ सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी बाहेर पडतात. आता आयुक्तांचा मसुदा कशावरून होतो, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून बांधकाम, पाणीपुरवठा, ड्रेनेज, विद्युत, उद्यान अशी सगळी खाती आपापल्या मागण्या लेखा विभागाकडं पाठवतात त्यावरून. म्हणजे तुमच्या भागाच्या कनिष्ठ अभियंत्यानं त्यावेळी कागदावर काम लिहिलं असेल तरच ते पुढं सरकणार. नंतर स्थायीत आणि महासभेत नगरसेवक आपापल्या वॉर्डातली कामं वाढवतात आणि खर्चाची बाजू वाढली की ताळमेळासाठी जमेची बाजूपण वाढवली जाते, वसुली जास्त येईल असं धरून. ती वसुली आली नाही की वर्षअखेरीला आधी भांडवली कामं, म्हणजे रस्ते-गटारांसारखी नवी बांधकामं, थांबतात, कारण पगार, पेन्शन, पंपांचं लाईटबिल, कचरा उचलणं हे काही थांबवता येत नाही.

म्हणून पुस्तकात आपल्या रस्त्याचं नाव दिसलं की काम झालंच असं समजू नका. ती फक्त तरतूद. त्यानंतर फाईलचा प्रवास सुरू होतो. आधी जागेवर मोजमाप आणि अंदाजपत्रक, ते राज्याच्या दरसूचीप्रमाणं, ज्याला सगळे डीएसआर म्हणतात. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे डिझाईन आणि दर बरोबर आहेत असं जबाबदार अभियंत्यानं सांगायचं, पाण्याची नाहीतर ड्रेनेजची मोठी योजना असेल तर राज्याच्या जीवन प्राधिकरणाकडं जायचं. प्रशासकीय मान्यता वेगळी, त्यात हे काम करायचं आणि अमुक लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या अमुक खात्यातून, करायचं हे ठरतं. मग ई-टेंडर, दोन लिफाफे, आधी तांत्रिक उघडायचा आणि त्यात जो पात्र ठरेल त्याचाच दराचा लिफाफा उघडायचा. दर फार बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा खूप कमी, आला तर ठेकेदाराकडून जादा अनामत घ्यायची. ठरावीक रकमेच्या वरचं काम असलं की स्थायीची मंजुरी, मग करारनामा आणि शेवटी वर्क ऑर्डर. लांबलचक वाटतं, पण यातली प्रत्येक पायरी कुठंतरी पैसा वाया गेला म्हणूनच आली आहे आणि मला त्या पायऱ्या कमी व्हाव्यात असं वाटत नाही.

वेळ गेला की आकडा मात्र वाढतो. डीएसआर बदलतो, डांबराचे, सिमेंटचे, लोखंडाचे भाव बदलतात. जुलै २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बांधकामाच्या ठेक्यांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुन्या दरानं अंदाजपत्रक केलेली कितीतरी कामं एका रात्रीत महाग झाली. मग सुधारित मान्यता, परत सही, परत महिने.

आता मूळ मुद्द्यावर येते. रस्ता झाल्यावर तो पाईपसाठी खोदला जातो, हे आपल्याकडंच असं नाही, सगळ्या शहरांत होतं आणि लोक म्हणतात, यांना अक्कल नाही. मला ते पटत नाही. कामं चुकीच्या क्रमानं होतात याचं मोठं कारण हे की पैसे वेगवेगळ्या दारांनी येतात आणि प्रत्येक दाराची वेळ वेगळी, अट वेगळी. घरात किराण्याचे, शाळेच्या फीचे आणि औषधाचे पैसे तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातात असावेत आणि तिघांनी एकमेकांना विचारायचंच नाही, तसं.

बघा कसं. पालिकेचा स्वतःचा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, बांधकाम परवान्यांची फी आणि जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेल्यावर राज्याकडून मिळणारं जीएसटी अनुदान. आपली महापालिका ड वर्गातली, म्हणजे लहान, त्यातून पगार आणि दैनंदिन खर्च भागल्यावर मोठ्या कामाला फार उरत नाही. मग वित्त आयोग. १५ व्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून दहा लाखाच्या खालच्या शहरांना जे अनुदान आलं त्यातलं ६० टक्के बांधलेलं, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचं, त्यातलं निम्मं पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मं स्वच्छता-कचऱ्यासाठी. ते रस्त्याला वापरता येत नाही. मग नगरोत्थान, म्हणजे शहरातल्या सोयींसाठीची राज्याची योजना, त्यात एक जिल्हास्तर आणि एक राज्यस्तर, जिल्हास्तराचं जिल्हा नियोजन समितीतून, जिथं पालकमंत्री अध्यक्ष असतात, आणि राज्यस्तराचं मुंबईच्या मान्यतेनं. मग दलित वस्ती सुधारणा, मग आमदार-खासदार फंड, मग केंद्राचं अमृत, म्हणजे शहरांच्या पाणी-ड्रेनेजसाठीची योजना, पहिलं जून २०१५ चं आणि दुसरं ऑक्टोबर २०२१ चं. अमृत २.० मध्ये एक ते दहा लाख लोकसंख्येच्या शहराला केंद्र एक तृतीयांश देतं, बाकीचं राज्यानं आणि पालिकेनं घालायचं.

आता एका रस्त्याला हे सगळं लावून बघा. जिल्हा नियोजनमधून डांबरीकरण मंजूर झालं, मार्चअखेर जवळ आली, निधी परत जायला नको म्हणून काम उरकलं. त्याच रस्त्याखालून जाणारी ड्रेनेजलाईन दुसऱ्या योजनेत आहे, तिचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, झालाय पण मान्यता मंत्रालयात आहे, ती आली दीड वर्षानं. ड्रेनेजवाल्यांची चूक नाही, रस्तेवाल्यांचीपण नाही म्हणा, पण दोघांच्या वरती बसून दोन्ही कागद एका टेबलावर ठेवणारं कोणी नाही आणि नुकसान मात्र कर भरणाऱ्याचं.

सांगलीतलं शामरावनगर डोळ्यापुढं आणा म्हणजे हे कळेल. सखल भाग, काळी माती, जोरात पाऊस झाला की पाणी साठतं आणि हलत नाही. अशा ठिकाणी आधी पाणी कुठल्या दिशेनं आणि कुठल्या नाल्यात जाणार हे ठरलं पाहिजे, मग ड्रेनेज, मग पाण्याची लाईन आणि सगळ्यात शेवटी रस्ता. काळ्या मातीवर नुसतं खडी-डांबर टाकलं तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रस्ता फाटतो. हे इंजिनिअर लोकांना आपल्यापेक्षा चांगलं माहिती आहे. पण निधी जर रस्त्याचा आलाय तर रस्ताच होणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की पालिकेनं एक यादी करावी, निदान पाच वर्षांची, प्रत्येक भागाची, त्यात कुठल्या रस्त्याखाली काय-काय होणार आहे आणि कुठल्या क्रमानं ते लिहिलेलं असावं आणि पैसा कुठल्याही दारानं येवो, तो त्या यादीतल्या पुढच्या कामाला लागावा. डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या, नकाशात आरक्षणं असतात, डीपी रस्ते असतात, पण तो जमिनीचा आराखडा झाला, २० वर्षांसाठीचा, पैशाचा आणि क्रमाचा नाही. दोन्हींची सांगड घालणारा कागद पाहिजे. आणि तो महासभेनं मंजूर केलेला, वेबसाईटवर टाकलेला पाहिजे, म्हणजे कोणी मधेच उडी मारून आपलं काम वर नेलं तर ते सगळ्यांना दिसेल.

यादीत काय वर आणि काय खाली हे ठरवायला कायद्यातच आधार आहे. कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, गटारं, पाणी, सफाई, रस्ते, दिवे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक. बागा, नाट्यगृहं मलाही हवी आहेत, काळी खण हे आपलं तळं सुधारलं तर आनंदच आहे, पण ज्या कुपवाडमध्ये १९९८ साली महापालिका झाल्यापासून लोक ड्रेनेजची वाट बघत आले, तिथली लाईन यादीत खाली आणि सुशोभीकरण वर असं नको.

आणखी एक गोष्ट मंजुरीच्या वेळी विचारली जात नाही आणि ती मला सगळ्यात जास्त खुपते. योजना उभी राहिल्यावर चालवायचा खर्च कोण देणार? डीपीआरमध्ये हिशोब पक्का असतो, माणशी रोजचं १३५ लिटर पाणी, त्याच्या ८० टक्के सांडपाणी, पाईपलाईन ३० वर्षं पुढची लोकसंख्या धरून आणि पंप १५ वर्षांचे. उभारणीला अनुदान मिळतं. पण पंपाचं लाईटबिल, ऑपरेटर, दुरुस्ती हे दरमहा पालिकेच्याच खिशातून. शहराचं सांडपाणी वाहून नेणारा आपला शेरीनाला घ्या. सांडपाणी उचलून धुळगावला नेऊन शेतीला द्यायचं अशी योजना झाली, कल्पना चांगलीच होती, तरी नाल्याचं पाणी कृष्णेत मिसळल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या. अशी कुठलीही योजना मंजूर करताना पुढच्या दहा वर्षांचा चालवायचा खर्च त्याच ठरावात लिहिला पाहिजे आणि तो कुठल्या लेखाशीर्षातून येणार तेही. आणि सांगलीत पुराचं पाणी धरूनच हे करायला लागतं, २०१९ ला आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा पंपिंग स्टेशनची मोटर किती उंचीवर बसवायची हा प्रश्न डिझाईनच्या पहिल्या पानावर असायला पाहिजे.

ऑगस्ट २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि मग जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत सरकारनं नेमलेला प्रशासकच महासभा आणि प्रशासकच स्थायी. त्या काळात काही कामं लवकर झाली हे खरं असेल, पण प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असला की त्यावर उभं राहून कोणी प्रश्न विचारत नाही. सभागृहात कधीकधी गोंधळ होतो, ऐनवेळचे विषय घुसवले जातात, मला त्याचा राग येतो, तरीपण ७८ नगरसेवकांसमोर विषय वाचला जाणं यालाच मी जास्त किंमत देते. आणि ऐनवेळी भांडवली कामाचा विषय घ्यायचाच नाही, कार्यपत्रिकेवर आधी आलं पाहिजे, एवढं सभागृहानं पाळलं तरी खूप.

आपण काय करायचं? पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना घेऊन बजेटमध्ये छोटी कामं धरतात. आपल्या राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये आलेली आहे, मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाची कामं सुचवायची, ती मागून घ्या. ती होत नसेल तर दिवाळीच्या सुमारास, मार्चमध्ये नाही, चार-पाच घरांनी मिळून वॉर्ड ऑफिसला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात नुसतं "रस्ता करा" असं लिहू नका. रस्त्याची लांबी, खाली ड्रेनेज आहे का, पाण्याची लाईन किती जुनी आहे, पावसाचं पाणी कुठं थांबतं हे लिहा, म्हणजे अभियंत्याला अंदाजपत्रक करायला सोपं जातं. नगरसेवक भेटले की "कधी होणार" असं विचारण्यापेक्षा "कुठल्या लेखाशीर्षात आहे, तांत्रिक मान्यता झाली का, टेंडर निघालं का" हे विचारा, उत्तर लगेच सरळ येतं.

काम सुरू झालं की वर्क ऑर्डरची प्रत मागा, त्यात मुदत आणि दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो, त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो आणि त्याची अनामत तोवर पालिकेकडं असते. ही मुदत संपायच्या आधी तक्रार लेखी गेली पाहिजे, नाहीतर अनामत परत जाते. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यायला लागतं, मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची, प्रत मिळते, आणि पुष्कळांना माहिती नसतं पण त्या कायद्याखाली वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो. तुमच्या भागातल्या ज्या कामाची वर्क ऑर्डर मिळेल त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि दोष दायित्वाची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.