तुम्ही विचारलंत म्हणून: फुटाळ्यावर जमतं ते मालवणला का फसतं?

नागपूरची जलरंगवाली मंडळी कोकणातून परतली की हाच प्रश्न येतो. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या चौपाटीवर हात बसला होता, मग मालवणच्या किनाऱ्यावर चित्राचा चिखल का झाला? दोष हाताचा नाही, हवेचा.

आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, दोन-तीन मिनिटांत वाळतो. त्यामुळे ब्रश भरपूर ओला ठेवायचा, मधून फवारा मारायचा, आणि लगेच दुसरा थर द्यायचा, ही सवय लागते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तोच वॉश पंधरा-वीस मिनिटं ओला राहतो. कागदाची चकाकी जाते, पण आत ओल असते. त्यावर पाणीदार ब्रश टेकला की फुलकोबीसारखे डाग उठतात, आणि घासलंत तर खालचा रंग सुटून वर येतो. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागला तर थांबा.

फवारा घरीच ठेवा. कागद 300 जीएसएम (म्हणजे जाड), सुती, क्वार्टर शीट (पूर्ण कागदाचा चौथा भाग) पुरे. बोर्ड जरा जास्त तिरका धरा आणि खालच्या कडेला साचलेलं पाणी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. एका आकाशाच्या वाळण्याची वाट बघण्यापेक्षा दोन कागद आळीपाळीने चालवा. समुद्राचं पाणी मात्र रंगात घेऊ नका. मीठ ओल धरून ठेवतं, आधीच न वाळणारा कागद आणखी रेंगाळतो.

वेळ कोणती? किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी ऊन पाठीमागून येतं, सगळे रंग दिसतात आणि थर वाढत जातात. दमट हवेत मला चारनंतरची वेळच बरी वाटते. सिंधुदुर्ग किल्ला तेव्हा एकसंध गडद आकार होतो, पाणी चमकतं, दोन थरांत काम होतं. अडचण खाऱ्या वाऱ्याची. दुपारी तो समुद्राकडून येतो आणि सोबत वाळू आणतो. बोर्डाला चारही कोपऱ्यांत क्लिपा हव्यात.

भरती-ओहोटी तर फुटाळ्याला नाहीच! अर्धवट चित्र दुसऱ्या दिवशी पुरं करायचं असेल तर सुमारे 50 मिनिटं उशिरा बसा, तेव्हा पाणी साधारण तिथेच असतं. ओल्या वाळूचा रुंद पट्टा हवा असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी गाठा. अष्टमीला, भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) वेळी, तो अरुंद असतो.

आणि क्षितिज. तळ्यात पलीकडचा काठ दिसतो, समुद्रात रेषा नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर. सपाट वाळूत उभं राहून रंगवलंत तर जवळच्या-लांबच्या सगळ्या माणसांची डोकी त्या रेषेशी येतात, स्टुलावर बसलात तर रेषा त्यांच्या छातीवरून जाते. अर्धं चित्र उभ्याने, अर्धं बसून केलं की माणसं हवेत तरंगतात. त्याचा दमट हवेशी काही संबंध नाही, बरं का.