पाठ टेकली, तरी कुस्ती चालूच

आमचे आबा मूळचे पाटण तालुक्यातले. तरुणपणी जत्रेच्या फडात नारळावर कुस्त्या धरल्या, मग वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून जन्म काढला. मी ठाण्यात ब्राझिलियन जिउ-जित्सूचा, म्हणजे जमिनीवर झोंबायच्या कुस्तीचा, क्लास लावला आणि पहिल्याच महिन्यात त्यांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मी वर, समोरचा उताणा. आबा म्हणाले, "पाठ टेकली की त्याची! कुस्ती झाली. आता आनी का झोंबतुयास?"

त्यांना समजावताना मलाच नीट समजलं नव्हतं. आपल्याकडे चितपट म्हणजे खेळ खल्लास. इथे उताणा पडलेला माणूस जोवर त्याचे पाय तुमच्या-त्याच्यामध्ये ठेवून आहे, तोवर तो हरलेला नाही. बरेचदा तोच तुमची वाट बघत असतो. हा त्याचा गार्ड. त्या पायांना वळसा घालून किंवा त्यांच्यातून घुसून छातीवर छाती टेकवायची, म्हणजे गार्ड पास. स्पर्धेत खाली पाडायला 2 गुण आणि गार्ड पास करायला 3, यातच काय ते आलं. एकेरी पट, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून पाडणं, मला लवकर जमला, रक्तातच असावा. पण पाडायचो आणि थेट त्याच्या पायांच्या कैचीत जाऊन बसायचो.

माझा नेहमीचा जोडीदार कॉलेजातला पोरगा, ब्लू बेल्ट, माझ्यापेक्षा वीस किलोंनी हलका. त्याचा गुडघा ढकलायला मी एक हात आत घालायचो, दुसरा बाहेर. तेवढंच त्याला हवं असायचं. पाय मानेवरून यायचा आणि ट्रँगल लागायचा. त्यात गळ्याच्या एका बाजूला त्याची मांडी असते आणि दुसऱ्या बाजूला आपलाच खांदा. म्हणजे निम्मा गळा आपणच आवळतो. "दोन्ही हात आत, नाहीतर दोन्ही बाहेर," सर रोज ओरडायचे. अंगवळणी पडायला दोन महिने गेले.

क्लोज्ड गार्ड, म्हणजे कमरेमागे पायांची कडी, उघडायला मी बसल्या बसल्या त्याच्या मांड्यांत कोपरं रुतवायचो. हा प्रकार फालतू आहे. नवख्यावर चालतो, बाकीचे दात खाऊन सहन करतात आणि तुम्ही वाकलात की मान खाली ओढतात. पाठ ताठ ठेवून, त्याची एक बाही पकडून उभं राहायला लागलो तेव्हा कुठे कडी सुटायला लागली.

मग पावसाळा आला. जुलैत कोपरखैरण्याच्या गॅलरीत गी, म्हणजे आमचा जाड सुती डगला आणि पँट, तीन-तीन दिवस वाळत नाही. ओलसर गी पिशवीत घेऊन ट्रान्स हार्बरच्या गाडीत बसलो की शेजारचा माणूस न सांगता सरकतो. त्या दिवसांत टोरेआंडो शिकत होतो. पँट गुडघ्यांपाशी धरायची, पाय एका बाजूला सारायचे आणि आपण दुसऱ्या बाजूने जायचं. बैलाला चकवणाऱ्या माणसावरून हे नाव पडलंय. मी वेगाने धावायचो. पोरगा कंबर सरकवून पुन्हा नडगी मध्ये आणायचा. मी डावीकडे, नडगी डावीकडे. मी उजवीकडे, नडगी हजर. पाच मिनिटांत मला धाप आणि तो निवांत.

सर एकदा म्हणाले, "तू पायांशी भांडतोयस. कंबर धर ना." खरंच, पाय कितीही नाचले तरी कंबर हलल्याशिवाय गार्ड परत येत नाही. म्हणून नी कटवर आलो. आपला गुडघा त्याच्या मांडीवरून तिरका जमिनीकडे सरकवायचा. पहिले काही आठवडे त्यातही मार खाल्ला, कारण घाईत मी बगलेखालचा हात त्याला देऊन टाकायचो. एकदा त्याचा हात माझ्या बगलेत शिरला की तो कुशीवर वळून माझ्या पाठीवर. मग क्रम बदलला. आधी त्याच्या बगलेत माझा हात, मग खांद्याने त्याचं तोंड पलीकडे वळवायचं, त्याची पाठ सपाट करायची आणि हाफ गार्डमध्येच, म्हणजे माझा एक पाय त्याच्या पायांत असतानाच, थांबायचं. पाय अडकलेला असू दे. छातीचं वजन टाकून श्वास घ्यायचा. वीस किलो जास्त असल्याचा फायदा मला तेव्हा पहिल्यांदा मिळाला. अडकलेला पाय सावकाश, टाच घासत बाहेर.

क्लासमधल्या क्लासमध्येच झालेल्या स्पर्धेत मी असा पास केला आणि आनंदाने छाती उचलून स्कोअरकडे बघितलं. पास केल्यावर 3 सेकंद धरून ठेवावं लागतं, हे पाठ होतं मला! दुसऱ्या सेकंदाला त्याचा गुडघा आत. गुण शून्य, नुसता ॲडव्हान्टेज, म्हणजे थोडक्यात हुकल्याची नोंद. हरलो.

तो व्हिडिओसुद्धा आबांनी बघितला. शेवटपर्यंत बघितला. "तीन आकडे मोजस्तवर तुला दम निगंना?"

आता रोलिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, पास झाला की मनात तीनऐवजी पाच मोजतो. पोरगा मात्र गेल्या पंधरवड्यापासून डे ला रिवा गार्ड खेळतोय. माझी टाच हातात धरतो, पाय माझ्या मांडीला बाहेरून गुंडाळतो आणि मला लंगडी घालायला लावतो. नी कट तिथपर्यंत पोचतच नाहीये.