आडव्या ड्रमची काठी: खुणा जुळल्या

गच्चीवरच्या बागेला पावसाचं पाणी साठवायचा लोखंडी ड्रम लाकडी घोडीवर आडवा बसवलाय. आतला व्यास 57 सेंमी, लांबी 85 सेंमी, काठोकाठ जवळपास 217 लिटर. वरच्या भोकातून काठी बुडवली की किती पाणी उरलंय ते कळलं पाहिजे. पेट्रोल पंपावर जमिनीखालच्या आडव्या टाकीत 'डिप' घेऊन तक्ता बघतात, तसंच.

ड्रम उभा असता तर सारख्या अंतरावर खुणा मारून भागलं असतं. आडव्यात तळाचा पहिला सेंटिमीटर म्हणजे जेमतेम 850 मिली आणि मध्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे तब्बल 4.8 लिटर! पाव ड्रमची खूण 14 वर नाही, 17 सेंमीवर येते.

हिशेब शाळेतल्या वर्तुळखंडाचाच, वर्तुळपाकळीतून त्रिकोण वजा. 'त्रि' त्रिज्या, 'ख' पाण्याची खोली:

त्रि² × कॉस इन्व्हर्स((त्रि − ख) ÷ त्रि) − (त्रि − ख) × √(2 × त्रि × ख − ख²)

याला लांबीने गुणून 1000 ने भागलं की लिटर. पहिल्या रात्री उत्तरं हजारांत येत होती, कारण कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता. कोन रेडियनमध्येच हवा.

मग बादलीने पडताळा. प्रत्येक बादलीत काट्यावर तोलून 10 किलो पाणी. काठीला खडू घासला की ओल कुठवर आली ते स्वच्छ दिसतं. पण पहिल्या बादलीपासून काठी सेंटिमीटरभर जास्तच दाखवत होती. सहा बादल्यांनंतर 18.3 हवे तिथे 19.2, म्हणजे 60 चे 64 लिटर. सूत्र तीनदा तपासलं. शेवटी स्पिरिट लेव्हल ठेवली, तर ड्रम नळाकडे 2 सेंमी उतरता आणि माझं भोकही नेमकं नळाच्याच टोकाला!

उतार तसाच ठेवलाय, गाळ काढायला तो बरा पडतो. लांबीच्या बरोबर मध्यावर नवं भोक पाडलं, जुन्याला बूच. पाणी दोन्ही टोकांना टेकलेलं असेल तर मध्यावरची खोली ही सरासरीच असते. पुन्हा बादल्या ओतल्या: 5.3, 8.4, सहावीला 18.3. फरक दोन-तीन मिलिमीटरच्या आत. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

मध्याच्या वरच्या खुणा खालच्यांचं आरशातलं रूप, त्यामुळे निम्मा हिशेब वाचला. 200 लिटरची खूण 49.5 सेंमीवर येते, म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप 50 वर लावतोय. मार्करची शाई पाण्यात पुसट झाली. आता तापल्या तारेने खुणा डागतोय, 120 पर्यंत झाल्या.