अर्जुनातला अर्ज

भोगीच्या दिवशी आम्ही सांगलीत पोचलो, तेव्हा मेहुणा वर्तमानपत्राचं कात्रण खिशात घालूनच दारात उभा होता. हातातली पिशवी खाली ठेवायचीही उसंत त्यानं दिली नाही.

"दाजी, बत्तीस अर्जुन जाहीर झालेत. त्यात आमचा एक. वरनं जीवनगौरवाचे दोन अर्जुन, त्यातला पण एक आमचा. साताऱ्याचं नाव मी दोनदा वाचून शोधलं. सापडंना."

ही २०२५च्या संक्रांतीची गोष्ट. खेळाडूंच्या अर्जुन पुरस्कारांची यादी नुकतीच आली होती आणि समारंभ सतरा जानेवारीला राष्ट्रपती भवनात व्हायचा होता. म्हणजे सांगलीला मिरवायला पंधरवडा मोकळा मिळाला होता, आणि त्यात साताऱ्याचा जावई आयताच घरी चालून आलेला. सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य. जीवनगौरववाले मुरलीकांत पेटकर पेठ इस्लामपूरचे. दोघांपुढं मला तरी काय बोलता येणार होतं? तरीही बोललो. जावई झाला तरी माणूस साताऱ्याचा.

"गेल्या वर्षीची यादी काढ," मी म्हणालो. "आदिती स्वामी. सतरा वर्षांची पोरगी बर्लिनला जाऊन तिरंदाजीत जगज्जेती झाली. तुमच्यात कोण झालंय त्या वयात?"

"कंपाउंडमध्ये, त्या चाकाच्या धनुष्यावर झाली ती. तो प्रकार ऑलिम्पिकमध्ये नसतोय."

"मग तुमच्या माधवनगरची स्मृती मानधना? तिलाही अर्जुन मिळालाच की. क्रिकेट कुठल्या ऑलिम्पिकमध्ये बघितलंस तू?"

मेहुणा भाकरीवरचे तीळ निवडत बसला. भोगीची भाजी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा समोर असताना सलग भांडता येत नाही, हा या सणाचा मोठाच गुण आहे. पण सासऱ्यांना, म्हणजे मामांना, दातांमुळं भाकरी कुस्करून दुधात भिजत घालावी लागते, त्यामुळं त्यांचं तोंड मोकळं होतं.

"ही सगळी मैदानावरची माणसं," मामा म्हणाले. "मातीतलं कोण हाय का त्यात?"

मामांच्या लेखी खेळ एकच. पुनवतचे गणपतराव आंदळकर, कवठेपिरानचे मारुती माने. एक १९६०चा हिंदकेसरी, दुसरा १९६४चा. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतून दोघांनीही सुवर्ण आणलं. आंदळकरांना १९६४ साली अर्जुन मिळाला हे मामा असं सांगतात, की तो पुरस्कार काढलाच मुळी आंदळकरांसाठी. प्रत्यक्षात तो सुरू झाला १९६१ला, आणि त्या पहिल्याच खेपेत बॅडमिंटनचे नंदू नाटेकर होते. ते जन्मले कुठं? सांगलीत. ही माहिती मला होती, पण मी ती आपणहून कशाला सांगू? ती मेहुण्याच्या मुलीनं मोबाइलमध्ये बघून सांगितली आणि सांगलीचा आकडा आणखी एकानं वाढला.

दुपारी खरी मजा आली. 'खिलारीनं गोळा फेकला सोळा मीटर बत्तीस' असं मेहुणा चारचारदा म्हणत होता, तेव्हा मी विचारलं, सोळा मीटर म्हणजे नेमकं किती? नुसता आकडा काय, कोणीही सांगेल. त्यानं घराच्या बांधकामातून उरलेला गवंड्याचा टेप शोधून काढला. फाटकाच्या उंबऱ्यापाशी मी टोक धरून उकिडवा, मेहुणा टेप सोडत उलटा चालतोय आणि भाची 'अजून, अजून' म्हणतेय. आमची हद्द संपली, शेजाऱ्यांचं फाटक गेलं, त्यांच्या दोन मोटारसायकली गेल्या. सोळा बत्तीस भरलं ते त्यांच्या तुळशीवृंदावनाच्याही पुढं हातभर. शेजारीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "मोजणी आणलीय का? आम्हाला नोटीस नाही मिळाली." त्यांची समजूत काढायला तिळगूळ आदल्याच दिवशी वाटावा लागला.

मोजून झाल्यावर मात्र मेहुणा त्या तुळशीपाशी जरा वेळ गप्प उभा राहिला. खिलारीचा एक हात लहानपणीच्या सायकलच्या अपघातानं अधू झालेला. आपण दोन्ही हातांनी नारळ किती लांब फेकू, याचा हिशेब तो मनात करत असावा. मीही केला. आमच्या फाटकाच्या आतच पडला.

रात्री मी साताऱ्याच्या वतीनं ललिता बाबर काढली. माण तालुक्यातलं मोही. जिथं पाण्याचा टँकर आला की पोरं पळतात, तिथली ही मुलगी रिओच्या ऑलिम्पिकमध्ये पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत धावली. तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे, वर सात वेळा पाणी. प्राथमिक फेरीत नऊ मिनिटं एकोणीस सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली. ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी दिसली. तिथं दहावी आली. "दहावी?" मेहुणा म्हणाला. आता याला काय सांगावं! आमच्या घरी नऊ मिनिटांत चहासुद्धा होत नाही, आधी आलं सापडत नाही.

"तुम्ही दोघं कशाला भांडताय?" भाची म्हणाली. "मार्कं असतात त्याला. कुठल्या स्पर्धेत कितवा नंबर, त्याचे मार्क. आणि काका, खेळाडूला अर्ज करावा लागतो. ऑनलाइन."

"स्वतःच?" मामांनी दुधाचा वाडगा खाली ठेवला.

"स्वतःच. मनू भाकरचं नाही का झालं मागच्या महिन्यात? दोन मेडल असून खेलरत्नच्या यादीत नाव नाही म्हणून गाजलं. मग तीच म्हणाली, अर्ज भरताना कदाचित माझ्याकडूनच चूक झाली असेल."

शेवटी मनूला खेलरत्न जाहीर झाला. पण मामा त्या 'अर्ज' शब्दापाशी अडले ते अडलेच. "म्हणजे मी पैलवान, मी कुस्ती मारली, आन् मीच कागद लिहायचा की मला पैलवान म्हणा?"

मला हसू आलं नाही. एका शाळेच्या कार्यालयात माझी सगळी नोकरी लिपिक म्हणून गेली आहे आणि आदर्श शिक्षक पुरस्काराचे किती प्रस्ताव या हातांनी टाइप केले याची गणती नाही. तीन प्रतींत, साक्षांकित झेरॉक्स जोडून, कात्रणं तारीखवार चिकटवून, वृक्षारोपणाचे रंगीत फोटो आणि वरून स्पायरल बाइंडिंग. 'सदर शिक्षकाचे कार्य अत्यंत उल्लेखनीय असून' हे वाक्य मी झोपेतही टाइप करू शकतो. आमच्याकडं खो-खोचे एक सर होते. सकाळी साडेपाचला मैदानावर चुना मारून पाटी आखायचे, घरून शेंगदाणे-गूळ आणायचे, पोरींच्या बुटांना स्वतः टाके घालायचे. त्यांना मी म्हटलं, सर, तुमचा प्रस्ताव करू या. ते म्हणाले, "मी चांगला आहे असं मीच सही करून देऊ? पोरं काय म्हणतील?" त्या वर्षी प्रस्ताव गेला दुसऱ्या एका गुरुजींचा. वृक्षारोपणाचे चौदा फोटो होते, चौदांतही झाड एकच. पुरस्कार आला. टाइप मीच केलं होतं, आणि खोटं सांगत नाही, मजकूर फार चांगला उतरला होता.

तेव्हापासून अर्जुन म्हटलं की मला त्यातली पहिली अडीच अक्षरंच आधी दिसतात. अर्ज.

पण अर्ज नको तर मग काय? आधी खेळाडूंची नावं संघटनांनी पाठवायची पद्धत होती. तिथं खेळाडूनं अर्ज करायच्या ऐवजी पदाधिकाऱ्याच्या दारात चपला काढायच्या, इतकाच फरक. त्यापेक्षा ऑनलाइन बरं, निदान चपला पायात राहतात. आणि मार्कांचं म्हणाल, तर तिथंही भांडणं न्यायालयात गेलीत. २०१५ साली सानिया मिर्झाच्या खेलरत्नावर लंडन पॅरालिम्पिकचा रौप्यविजेता गिरीशा उच्च न्यायालयात गेला होता, माझे गुण जास्त भरतात म्हणून. त्याला चूक कसं म्हणणार? आम्ही सोळा मीटरसाठी टेप काढला, तसा त्यानंही काढला.

संक्रांतीला, तिळगूळ हातावर असताना, मामांनी शेवटचा डाव टाकला. आणि टाकला तो सांगलीच्या बाजूनं नव्हे.

"मग खाशाबांनी अर्ज कुठं करायचा होता?"

खोली शांत झाली. गोळेश्वर सातारा जिल्ह्यातलं, कराडच्या शेजारचं. पण खाशाबा जाधव निघाले की मामांना जिल्हा राहत नाही. १९५२चं हेलसिंकी. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, लोकांनी वर्गणी काढली, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं. कांस्य. दुसरं यायला १९९६ उजाडलं. कराडहून गावापर्यंत दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्यानंतर नऊ वर्षांनी, आणि नियम असा की आधीच्या चार वर्षांची कामगिरी धरायची. झालं! पदक आधी आलं हाच पैलवानाचा दोष. पोलिसात नोकरी करून ते निवृत्त झाले, १९८४ला रस्त्यावरच्या अपघातात गेले, आणि २०००च्या यादीत त्यांना अर्जुन मिळाला. मरणोत्तर.

"त्याच सुमारास मिल्खासिंगलाबी द्यायला निघाले हुते," मामा म्हणाले. "त्यो म्हणाला, लई उशीर केलासा, नको मला. बरोबर केलं. पर नको म्हणायला तरी माणूस पायजे की."

मेहुण्यानं पेटकरांचं नाव काढायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण पेटकरांचं तर नियमातही बसत होतं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेला हा जवान १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहला, सदतीस पूर्णांक तेहतीस सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्ण. पुरस्कार तेव्हा अकरा वर्षांचा होता. मिळाला बावन्न वर्षांनी. पद्मश्री झाली त्यालाही २०१८ उजाडलं. ज्या बातमीचं कात्रण खिशात घालून मेहुणा दोन दिवस मला डिवचत होता, तिच्यावर नाचायचं की तोंड लपवायचं, हे त्यालाच कळेना. त्यानं ते घडी करून परत खिशात ठेवलं.

"तुमचा गेल्यावर दिला, आमचा जित्ता असताना दिला," थोड्या वेळानं तो पुटपुटला. "एवढं तरी धरा दाजी."

धरलं.

दुसऱ्या दिवशी कर. करीला प्रवास करू नये असं सासूबाईंचं म्हणणं. बायको त्या निमित्तानं राहिली, मी निघालो. पंधरा जानेवारी. महाराष्ट्रात आता हा क्रीडा दिन असतो, खाशाबांचा जन्मदिवस म्हणून. सांगलीची एसटी आष्टा, इस्लामपूर करत पेठ नाक्याला हायवेला लागते आणि तिथून सरळ कराड. म्हणजे पेटकरांच्या गावावरून खाशाबांच्या गावाकडं. इतकी वर्षं या रस्त्यानं सासुरवाडीला येतोय-जातोय, पण खिडकीतून आजवर फक्त ऊसच बघितला होता.

पेठ नाक्यावर गाडी थांबली आणि फोन वाजला. मेहुणा.

"दाजी, नाका आला का? खाली उतरा आणि नमस्कार घाला आमच्या माणसाला."

"उतरलो तर गाडी जाईल."

"मग खिडकीतनं घाला."

घातला. शेजारचा माणूस जरा सरकून बसला. मग मी मेहुण्याला बजावलं, तासाभरात कराड येतंय, मी मिस कॉल देतो. जिथं असशील तिथं उभं राहायचं.

"उभं कशाला? मी दुकानात बसलेलो असतोय."

"उभं राहायचं," मी म्हटलं, आणि कंडक्टरनं डबल बेल दिली.